बुटात सापडलेली मेंढी

आमच्या वसईत घरातलं माणूस गेलं की त्या वर्षी नाताळला ओट्यावर चांदणी लागत नाही. घरात तळण काढायचं नाही, गोठा म्हणजे येशूजन्माचा देखावा करायचा नाही. करंज्या-लाडवांची ताटं शेजारी आणून देतात. मार्चमध्ये माझे यजमान गेले. नोव्हेंबर सरत आला, आळीतली पोरं गोठ्यासाठी बांबू गोळा करायला लागली आणि रोज संध्याकाळी आपल्या अंधाऱ्या ओट्याकडे बघायचं मला झेपेना. लेक जर्मनीत केमनिट्सला शिकते. तीच म्हणाली, "आई, नाताळ घरीच कर. पण वाट बघायचे दिवस माझ्याकडे काढ."

वाट बघायचे दिवस म्हणजे आगमनकाळ. नाताळच्या आधीचे चार रविवार यात येतात. मिस्सेला, म्हणजे चर्चमधल्या उपासनेला, फादर जांभळी वस्त्रं घालतात, ग्लोरिया हे स्तुतिगीत गात नाहीत, दर रविवारी एक मेणबत्ती वाढत जाते. साठ वर्षं हा काळ पाळला, पण यंदा कशाची वाट बघायची हेच कळत नव्हतं.

व्हिसा, तिकिटं सगळं लेकीनं केलं आणि सुरळीत झालं. बुधवारी रात्री पोचले.

गुरुवार, ४ डिसेंबर : केमनिट्स

सकाळचे पावणेआठ वाजले तरी बाहेर धड उजाडलं नव्हतं. लेक विद्यापीठात गेली आणि मी चहा घेऊन खिडकीशी बसले. तेवढ्यात दार वाजलं. खालच्या मजल्यावरच्या बाई होत्या. एका हातात बागेतली कात्री, दुसऱ्या हातात पाच-सहा काटक्या. त्यातली एक माझ्या हातात ठेवली, काहीतरी भराभर बोलल्या, माझा दंड थोपटला आणि निघून गेल्या. काटकी काळपट, वाळलेली, हातभर लांब. चूल पेटवायला बरी, असं वाटलं. दाराच्या कोपऱ्यात उभी करून ठेवली.

संध्याकाळी लेक आली ती ओरडलीच. "अगं आई, पाण्यात नाही ठेवलीस? आज संत बार्बराचा दिवस!"

४ डिसेंबरला चेरीची फांदी तोडून घरात पाण्यात ठेवायची, ती नाताळच्या सुमाराला फुलते, अशी इकडची रीत. बार्बराला तुरुंगात नेताना तिच्या झग्यात एक फांदी अडकली. तिनं प्यायच्या पाण्यातलं थोडं पाणी तिला घातलं आणि मृत्यूच्या दिवशी फांदी फुलली, अशी कथा आहे. बार्बरा खाणकामगारांची संत. केमनिट्सच्या दक्षिणेला एर्त्सगेबिर्ग नावाचे डोंगर आहेत, म्हणजे धातूच्या खनिजाचे डोंगर. तिथं शतकानुशतकं चांदी आणि कथिल निघालं. त्यामुळे या भागात बार्बराला घरच्यासारखा मान.

रात्री आम्ही ती फांदी बादलीत कोमट पाण्यात आडवी बुडवली आणि सकाळी बरणीत उभी केली. बोट फिरवलं की डोळे लागत होते, तांदळाएवढे, घट्ट मिटलेले.

मला नाचणी आठवली. गोठ्यातलं शेत हिरवं दिसावं म्हणून आमच्याकडे डिसेंबरच्या मध्याला ताटलीत माती घालून नाचणी पेरतात. ते काम यांचं. रोज सकाळी चष्मा लावून ताटलीवर वाकायचे.

त्या संध्याकाळी नगरभवनासमोरच्या नाताळ-बाजारात फिरून आलो. माणसांपेक्षा उंच लाकडी पिरॅमिड, त्यावर मजल्यामजल्यानं फिरणाऱ्या बाहुल्या. गरम वाइनचा वास सगळीकडे. आम्ही मात्र मुलांसाठी असतो तो बिनदारूचा फळांचा गरम रस घेतला. जाणार असाल तर एक सांगते: कपासाठी अनामत रक्कम वेगळी घेतात, कप परत केला की पैसे परत. आणि सुटी नाणी जवळ ठेवा, बऱ्याच ठिकाणी कार्ड चालत नाही आणि स्वच्छतागृहाला तर नाणीच लागतात.

शुक्रवार, ५ डिसेंबर : झायफेन, आणि अडकलो ते

शनिवार-रविवारी झायफेनला बसगाड्यांची रीघ लागते, म्हणून शुक्रवार ठरवला. हे चेक सीमेजवळचं लाकडी खेळण्यांचं गाव. गावापर्यंत रेल्वे नाही. केमनिट्सहून फ्लोहा नदीच्या काठाकाठानं ऑल्बर्नहाऊपर्यंत गाडी, तिथून डोंगर चढणारी बस. दोघी-तिघी असाल तर सॅक्सनी राज्याचं दिवसाचं एकत्रित तिकीट परवडतं, पण आठवड्याच्या दिवशी ते सकाळी नऊनंतरच चालतं.

साडेनऊची गाडी धरली. अर्ध्या वाटेत, दोन्ही बाजूंना स्प्रूसची झाडी आणि खाली नदी, अशा जागी गाडी थांबली. ओल्या बर्फाच्या भारानं पुढं रुळावर झाड पडलं होतं. तास गेला, दीड तास गेला. डब्यात कोणी आरडाओरडा केला नाही. समोरच्या बाकावर एक तरुण आई दोन मुलांना घेऊन बसली होती. तिनं डबा उघडला आणि मुलांच्या आधी आमच्यापुढं धरला. आल्याच्या वासाची, मधाची तपकिरी बिस्किटं. लेकीनं आमच्या पिशवीतून खारे शंकरपाळे काढले. धाकट्यानं एक चाखला आणि मग हात काही थांबेना. शेवटी बदली बस आली. झायफेनला पाय ठेवला तेव्हा दोन वाजून गेले होते आणि इकडे डिसेंबरात चारला दिवस मावळतो.

मला संग्रहालयही बघायचं होतं आणि उघड्यावर मांडलेलं जुनं गावही, तिथं पाण्यावर चालणारा अठराव्या शतकातला लेथ, म्हणजे लाकूड कातायचं यंत्र, आहे. दोन्हींना वेळ पुरणार नव्हता. मी हिरमुसले. मुख्य रस्त्यावरून चालत असताना एका बोळातून ओल्या लाकडाचा वास आला. तळघरासारखी कार्यशाळा, दार अर्धं उघडं. आत साठीचे एक गृहस्थ झाडलोट करत होते. लेकीनं विचारलं, बंद झालं का? त्यांनी घड्याळाकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि केरसुणी भिंतीला टेकवली.

त्यांनी दाखवलं ते नीट सांगते, कारण झायफेनमध्येच ही कला वाढली आणि ती येणारे कारागीर आता हाताच्या बोटांवर मोजण्याइतके उरलेत. स्प्रूसच्या ओंडक्याची जेवणाच्या ताटाएवढी चकती घ्यायची. लाकूड ओलंच हवं, सुकलं तर तडकतं. चकती लेथवर चढते, गरगर फिरते आणि कारागीर पटाशीनं तिच्यात खाचा, उंचवटे, गोलाया कोरत जातो. ओल्या भुशाचे लांब लांब काप त्यांच्या बाहीवर, दाढीवर, माझ्या शालीवर उडत होते. एक बाजू झाली की चकती उलटवायची आणि मागून कोरायची. शेवटी हातात उरतं एक कडं. बघणाऱ्याला त्यात काहीच दिसत नाही, बैलगाडीच्या चाकाची नक्षीदार धाव म्हणावी असं काहीतरी.

"घोडा आहे की गाय?" लेकीनं विचारलं.

"मलाही दिसत नाही," ते म्हणाले. "बोटांना माहीत असतं."

खरंच तसं आहे. प्राण्याचा आकार कड्याच्या जाडीत आडवा दडलेला असतो. कोरताना तो कधीच दिसत नाही. पाठ किती वाकवायची, पोट कुठं संपवायचं, पायांमध्ये किती जागा सोडायची, हे सगळं अंदाजानं आणि सवयीनं. त्यांनी कडं ठोकळ्यावर ठेवलं, त्यावर सुरी टेकवली आणि लाकडी हातोडीचा एक हलका ठोका दिला. पाव कापावा तशी एक फोड सुटून पडली. ती त्यांनी माझ्यासमोर उभी केली.

मेंढी होती. मान किंचित खाली, चरत असल्यासारखी. कड्यावर ठोके पडत गेले आणि टेबलावर कळप उभा राहिला. एका कड्यातून साठेक निघतात म्हणे. पुढं प्रत्येकीच्या कडा सुरीनं गोल करायच्या, कान लावायचे, रंगवायचं.

या गावात पूर्वी कथिल धुऊन काढत. गावाच्या नावातच ते धुणं आहे. कथिल कमी होत गेलं तसे खाणकामगार लाकूड कातायला लागले आणि १८४९ मध्ये खाणकाम थांबलं तेव्हा गाव खेळण्यांवर जगायला शिकलेलं होतं. हे ते गृहस्थ दुसरं कडं पुसता पुसता सांगत होते, पाठ केलेलं नव्हे, आजोबांची गोष्ट सांगावी तसं.

बाहेर आलो तर काळोख, रस्त्यावर काचेसारखा बर्फ. थांब्यावर पोचलो. बस आली नाही. पुढचीही आली नाही. घाटात रस्ता गोठल्यामुळे त्या संध्याकाळच्या फेऱ्या रद्द झाल्याचं लेकीला फोनवर कळलं. गावातली हॉटेलं या दिवसांत महिनोन् महिने आधी भरलेली असतात. दोन ठिकाणी विचारलं, नाही म्हणाले. उणे सहा अंश. माझ्या बुटांत पाणी शिरलेलं. लेकीचा चेहरा बघून मी धीराचं बोलत होते, पण आतून घाबरले होते, हे कबूल करते.

कार्यशाळेला कुलूप लावून ते गृहस्थ त्याच रस्त्यानं घरी निघाले होते. आम्हाला बघून थांबले. लेकीशी दोन वाक्यं बोलले, माझी पिशवी उचलली आणि चालू लागले. "काय म्हणाले?" मी विचारलं. "म्हणाले, आईनं सूप केलंय."

घरापर्यंत जेमतेम पाच मिनिटांची वाट. पण ती वाट मी विसरणार नाही. एकही खिडकी अंधारी नव्हती. जवळजवळ प्रत्येक खिडकीत लाकडी कमान, कमानीवर ओळीनं दिवे. श्विबबोगेन म्हणतात त्याला. सर्वांत जुनी माहीत असलेली कमान योहानगेओर्गेनश्टाट गावची, १७४० सालची, लोखंडाची. हिवाळ्यात खाणकामगार पहाटेच्या अंधारात जमिनीखाली जायचा आणि सूर्य मावळल्यावर वर यायचा. आठवडाभर त्याला ऊन दिसायचं नाही. घरच्यांनी खिडक्या उजळून ठेवायच्या त्या त्याच्यासाठी. त्यांचा एकमेकांना नमस्कार आहे "ग्ल्युक आउफ". खनिजाची नवी शीर उघडो, आणि तू सुखरूप वर येवो, दोन्ही अर्थ त्यात येतात. वाटेत भेटलेल्या प्रत्येकाला ते तेच म्हणत होते. चौथ्या-पाचव्या माणसाला मीही म्हणाले. तो टोपी काढून हसला.

त्यांच्या आईच्या स्वयंपाकघरात

ह्याला वेगळा मथळा द्यावासा वाटला.

आजींचं वय चौऱ्याऐंशी. कंबरेत वाकलेल्या, पण हात चपळ. आम्ही कोण, कुठल्या, काही विचारायच्या आधी त्यांनी माझे बूट काढून घेतले, आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबले आणि शेगडीपाशी ठेवले. मला स्वतःचे लोकरी मोजे दिले. बटाट्याचं दाट सूप, राईचा आंबूस पाव, लोणी. टेबलावर पाइप ओढणारा एक लाकडी बाहुला होता, त्याच्या पोटात धुपाची शंकूसारखी वडी पेटवलेली आणि तोंडातून धूर येत होता. वास आमच्या चर्चमधल्या धुपासारखाच.

जेवणानंतर श्टोलन आला. सुका मेवा घातलेला, वर पिठीसाखरेचा जाड थर असलेला नाताळचा पाव. आजींनी तो टोकाकडून न कापता बरोबर मधोमध कापला, आतले दोन तुकडे काढले आणि उरलेली दोन अर्धकं पुन्हा एकमेकांना भिडवून ठेवली. अशानं आतला भाग सुकत नाही. घरी आल्यावर मी फ्रूटकेकही तसाच कापायला घेतलाय.

त्यांच्या खिडकीत कमानीच्या बाजूला लाकडी आकृत्या होत्या, दोन खाणकामगार आणि एक देवदूत, तिघांच्याही दोन्ही हातांत मेणबत्त्या. लेकीनं मला गाडीतच सांगितलं होतं, घरातल्या प्रत्येक मुलामागे एक खाणकामगार, प्रत्येक मुलीमागे एक देवदूत. खिडकी बघून घरात किती लेकरं ते रस्त्यावरूनच कळतं. मी कौतुकानं विचारायला सांगितलं, "एक तर हे. दुसरा मुलगा कुठं असतो?"

लेकीनं विचारलं आणि त्या गृहस्थांनी मान खाली घातली. तेव्हा मला समजलं, पण प्रश्न तर गेला होता.

आजींनी शांतपणे सांगितलं. धाकटा एकोणिसाव्या वर्षी मोटारसायकलच्या अपघातात गेला. चाळीस वर्षं होत आली. पहिल्या वर्षी त्यांच्या नवऱ्यानं विचारलं होतं, यंदा एकच खाणकामगार लावायचा का? आजींनी दोन्ही बाहेर काढले. "तोही याच घरचा," त्या म्हणाल्या. मग उठून गेल्या आणि त्या बाहुल्याच्या हातातली विझत आलेली मेणबत्ती बदलून आल्या.

मी लेकीला म्हटलं, सांग त्यांना, यंदा आमच्याकडे चांदणी नाही. कोणासाठी नाही तेही सांग. लेक सांगायला लागली आणि तिचाच आवाज भरून आला. मार्चपासून ती माझ्यासमोर एकदाही रडली नव्हती. परीक्षा, प्रकल्प, मला फोन, सगळं कसं ताठ चाललेलं. त्या परक्या स्वयंपाकघरात ती पोटभर रडली, पुढचं सगळं मी मराठीतच बोलले, आणि आजी ऐकत राहिल्या. त्यांच्या लेकानं एव्हाना दिवा बारीक केला होता आणि दुसऱ्या खोलीत निघून गेला होता.

निजायला वरची खोली दिली. पिसांची दुलई इतकी जाड की खाली दबल्यासारखं वाटावं. कित्येक महिन्यांनी मी रात्रीत एकदाही उठले नाही.

शनिवार, ६ डिसेंबर : संत निकोलस

सकाळी जिन्याखाली आले तर माझे बूट शेगडीपाशी नव्हते. दाराबाहेरच्या पायरीवर होते, लेकीचे त्यांच्या शेजारी. दोन्ही जोड घासून पुसून चकचकीत केलेले. कागदाचे बोळे गेलेले आणि आत अक्रोड, एकेक संत्रं, चंदेरी कागदातलं चॉकलेट.

५ डिसेंबरच्या रात्री मुलं बूट साफ करून दाराबाहेर ठेवतात आणि संत निकोलस रात्री त्यात खाऊ भरून जातो. हे मला पुस्तकातून माहीत होतं. पण आदल्या रात्री ५ तारीख होती, हे माझ्या डोक्यातच नव्हतं. एकसष्ट वर्षांची बाई मी, पायरीवर बसून एकेक अक्रोड बाहेर काढत होते. उजव्या बुटाच्या टोकाशी बोटांना काहीतरी टोकदार लागलं. मेंढी. कालच्या कड्यातली. कान चिकटवलेले होते, पाठ गुळगुळीत केलेली, पण रंग नव्हता आणि पोटाखालची कड अजून खडबडीत होती. कोणीतरी रात्री उशिरापर्यंत बसून, वेळ पुरला तेवढं काम केलं होतं.

पैशांचा विषय लेकीनं काढला तेव्हा आजींनी असं काही पाहिलं की पुन्हा काढला नाही. मी गळ्यातली जपमाळ काढून त्यांच्या हातात ठेवली. ती वेलंकनीहून यांनी आणलेली. त्या लोकांच्या पंथात जपमाळ नसते, तरी त्यांनी ती घेतली आणि खिडकीत दोन खाणकामगारांच्या मधे ठेवली.

रस्ते मोकळे व्हायला दुपार लागली, म्हणून टेकडीवरचं चर्च बघता आलं. १७७९ सालचं, अष्टकोनी, वर निमुळता मनोरा. या गावच्या खेळण्यांत दिसणारं चर्च ते हेच: गोल डोक्याची, काळ्या झग्यातली गाणारी मुलं त्याच्यासमोर उभी असतात. आदल्या दिवशी ठरल्या वेळी पोचलो असतो तर दोन तासांत दुकानं पालथी घालून परत फिरलो असतो.

तुम्ही जाणार असाल तर: बूट खरोखरचे जलरोधक घ्या, त्यात काटकसर नको. संध्याकाळी परतायची शेवटून दुसरी बस धरायचं ठरवा, शेवटची हाताशी राहू द्या. शाकाहारी असाल तर क्वार्ककोयल्शेन मागा, बटाटा आणि ताज्या चीजच्या छोट्या गोड टिक्क्या, सफरचंदाच्या गरासोबत देतात, पोट भरतं. आणि लाकडी वस्तू घेताना जरा खर्च झाला तरी स्थानिक कारागिराकडूनच घ्या. तिथं त्याच आकाराच्या स्वस्त नकला बाहेरून येतात, हे तिथलं खरं दुखणं आहे.

रविवार, ७ डिसेंबर : दुसरी मेणबत्ती

श्नेबर्ग गावात खाणकामगारांची गणवेशातली मिरवणूक बघायला जायचं ठरलं होतं. लेकीला ताप भरला. मऊ भात केला, तिला झोपवलं आणि कोपऱ्यावरच्या ल्यूथरन चर्चमध्ये एकटीच गेले.

आमच्याकडे आगमनकाळाच्या चार मेणबत्त्यांत तीन जांभळ्या आणि एक गुलाबी असते. इथं चारही लाल. मेणबत्त्यांचं हे वलय निघालं जर्मनीतच: हॅम्बुर्गला निराधार मुलांचं वसतिगृह चालवणाऱ्या योहान हिनरिख विखर्न यांनी १८३९ मध्ये गाडीच्या जुन्या चाकावर रविवारसाठी मोठ्या पांढऱ्या आणि इतर दिवसांसाठी छोट्या लाल मेणबत्त्या लावल्या. मुलं रोज विचारत, नाताळ कधी? त्यांना स्वतःला मोजता यावं म्हणून.

प्रवचनातला एक शब्द कळला नाही. पण एका क्षणी सगळे उभे राहून एका सुरात म्हणायला लागले आणि त्या चढउतारावरून मी ओळखलं, प्रभूची प्रार्थना. मी हळू आवाजात मराठीत म्हणू लागले, "हे आमच्या स्वर्गातील बापा". त्यांचं आणि माझं "आमेन" एकाच वेळी आलं.

मंगळवार, ९ डिसेंबर : ड्रेस्डेन

ताप उतरला. सोमवारी आराम करून मंगळवारी ड्रेस्डेन. तिथला बाजार १४३४ पासूनचा, त्याचं श्ट्रीत्सेलमार्क्ट हे नावच श्टोलनच्या 'श्ट्रीत्सेल' या जुन्या नावावरून पडलेलं. पूर्वी आगमनकाळ उपासाचा होता, लोणी वर्ज्य. तेलात केलेला तो पाव फारच बेचव लागायचा. सॅक्सनीच्या राजघराण्यानं रोमला विनंती केली आणि १४९१ मध्ये पोप आठवे इनोसंट यांनी लोण्याला परवानगी देणारं पत्र पाठवलं. बाजार भव्य आहे, गर्दीही तशीच. तासाभरात पुरे झाला.

फ्राउएनकिर्श या चर्चमध्ये मात्र खूप वेळ बसलो. १९४५ च्या फेब्रुवारीत दोस्त राष्ट्रांच्या विमानांनी शहर जाळलं. १३ तारखेला हल्ला सुरू झाला; चर्च आगीत तापत राहिलं आणि १५ तारखेला सकाळी कोसळलं. पुढं चाळीसहून अधिक वर्षं तो दगडांचा ढीग तसाच पडून होता. १९८२ पासून तरुण मुलं हल्ल्याच्या स्मृतिदिनी तिथं मेणबत्त्या घेऊन जमू लागली. जर्मनी एक झाल्यावर जगभरातून देणग्या आल्या, जुने काळे पडलेले दगड नव्या दगडांत बसवले आणि ३० ऑक्टोबर २००५ ला चर्च पुन्हा उघडलं. घुमटावरचा नवा क्रूस लंडनच्या ॲलन स्मिथ या सोनारानं घडवला. त्याचे वडील त्या हल्ल्यात विमान चालवत होते. जुना क्रूस १९९३ मध्ये ढिगाऱ्यात सापडला, तो आत ठेवलाय, उष्णतेनं पिळवटलेला, एका अंगाला वाकलेला.

त्या वाकड्या क्रूसासमोर लोक मेणबत्त्या लावत होते. मीही लावली. मार्चपासूनची पहिली. त्याआधी हातच झाला नव्हता.

शुक्रवार, १२ डिसेंबर आणि नंतर

निघायच्या दिवशी खालच्या बाई पुन्हा वर आल्या. फांदी बरणीत बरी आहे ना ते पाहिलं, पाणी दर तीन दिवसांनी बदलायला लेकीला बजावलं. दोन डोळे फुगले होते. एकाच्या टोकाला हिरवी रेघ, सुईनं ओढावी इतकी बारीक.

शनिवारी रात्री वसईला पोचले. रविवार आगमनकाळाचा तिसरा, आनंदाचा रविवार. फादरांनी गुलाबी वस्त्रं घातली होती. मिस्सेहून परतताना दुकानातून पावशेर नाचणी घेतली. यांची पितळी ताटली माळ्यावर होती, वर्तमानपत्रात गुंडाळलेली. त्यात गेल्या वर्षीची सुकी मातीही तशीच. तीच भिजवली.

चांदणी यंदा लावलेली नाही. ती पुढच्या वर्षी. काल आळीतला पोरगा गोठ्यासाठी गवत मागायला आला, तर मी म्हटलं, ओट्यावर ये आणि हे बघ. नाचणी चार दिवसांत दीड बोट वर आलीय. मधोमध मेंढी उभी केलीय. हिरवं तिच्या पोटापर्यंत पोचलंय, पोटाखालची खडबडीत कड आता दिसत नाही.